सोड्याचं पूर्ण नाव

माझा बाप खाडीवरच्या मिठागरात कामाला होता. जिभेच्या टोकावर खडा ठेवून तो सांगायचा की हे मीठ पहिल्या पाण्याचं की शेवटच्या. शेवटच्या पाण्याचं कडवट लागतं. पहिल्याला तो मीठ म्हणायचा, दुसऱ्याला कडू मीठ, आणि तेवढ्यावर त्याची हयात गेली. कुणाचं काही अडलं नाही. मी घणसोली गावातच वाढलो, दुसरीतून शाळा सोडली, आणि तेव्हापासून वस्तूंना जी नावं आहेत त्याच नावांनी हाक मारत आलो. मीठ, चुना, तुरटी, नवसागर, मोरचूद, हिराकस. आता अडुसष्टाव्या वर्षी मला सांगण्यात आलं की ही नावंच नव्हेत, ही टोपणनावं. खरी नावं पुस्तकात आहेत आणि ती मी पंधरा दिवसांत पाठ करायची आहेत.

मी एका प्लेटिंगच्या कारखान्यात केमिकलचं स्टोअर सांभाळतो. प्लेटिंग म्हणजे पितळेच्या, जस्ताच्या वस्तूंवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायचा. तुमच्या न्हाणीघरातला नळ चकाकतो तो आमच्यासारख्यांच्या हातून गेलेला असतो. चाळीस वर्षं होत आली. पहिला शेठ गेला, आता त्याचा मुलगा शेठ आहे. तो मला मामा म्हणतो. स्टोअरला एक शटर, शटरला एक कुलूप, आणि त्याची किल्ली माझ्या करगोट्याला. सुट्टी घेतली तरच ती तिथून सुटते.

झालं असं, की नळाच्या मुठी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं काम शेठला मिळायचं होतं. त्यांचा तपासणीसाहेब येऊन कारखाना बघणार आणि मगच काम देणार. त्यांच्या कागदात लिहिलेलं की प्रत्येक पिंपावर आतल्या मालाचं पुस्तकी नाव पाहिजे, आणि ज्याच्याकडे स्टोअरची किल्ली त्याला ती नावं तोंडपाठ पाहिजेत. शेठ म्हणाला, मामा, मॅडम शिकवेल तुम्हाला, जमलं तर उत्तम, नाही जमलं तर टेन्शन नाही, तुम्हाला पॅकिंगला बसवू.

पॅकिंगला म्हणजे पंख्याखाली बसून नळ खोक्यात भरायचे. ज्याचे गुडघे गेले, नजर गेली, त्याला तिकडं पाठवतात. माझं काहीही गेलेलं नाही.

मॅडम म्हणजे आमची केमिस्ट. खांदेश्वरहून येते, माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान, मोठी डिग्री घेतलेली. मला काका म्हणते. पोरगी वाईट नाही. वाईट असती तर भांडायला बरं पडलं असतं.

माझी स्टोअरची पद्धत चिंध्यांची होती. प्रत्येक पिंपाच्या कडीला एक चिंधी. लाल म्हणजे अंगावर पडलं तर भाजेल. लालला गाठ म्हणजे नुसता धूरही छातीत जाईल. पिवळी म्हणजे पाण्यापासून लांब. बायकोच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, रंग पक्का. तेजाबं म्हणजे ॲसिडं, ती सगळी डाव्या भिंतीला, कॉस्टिक उजव्या भिंतीला, मध्ये पाण्याचा नळ. टाकीवरची माणसं बिहारची, ओडिशाची, तामिळनाडूची. कुणाला कुठली लिपी येईल सांगता येत नाही, पण लाल रंग सगळ्यांना येतो. चाळीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये कुणाचा डोळा गेला नाही की बोट भाजलं नाही. हे काही कागदावर लिहिलेलं नाही म्हणून ते झालंच नाही, असं होत नाही.

तर शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत, उलट्या ठेवलेल्या पिंपावर मी आणि स्टुलावर मॅडम. ती म्हणाली, काका, नियम अगदी सोपा आहे. शिकलेलं माणूस सोपं आहे म्हणालं की मी पाय आखडून बसतो.

आधी धातूचं नाव घ्यायचं, ते जसंच्या तसं. मागून जो येतो त्याची शेपटी कापायची आणि तिथं 'आइड' लावायचं. क्लोरिन आला की त्याचा क्लोराइड. ऑक्सिजन आला की ऑक्साइड. सोडियमला काही नाही, तो सोडियमच राहतो. मी विचारलं, असं का? तर म्हणे, तसा नियम आहे. मग माझ्या डोक्यात आलं, आमच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव काढलं ते बायकोचं, माझ्या नावाला कुणी हात लावला नाही. हे मॅडमला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, काका, तुम्हाला समजलं. त्याच तोऱ्यात घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग त्या क्लोरिनला कोनी इचारलं का?"

बायको सातवी पास आहे. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली पण ही गोष्ट तिनं मला एक दिवस विसरू दिलेली नाही. मॅडमनं दिलेली यादी तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून घेतली, ओट्याच्या वर लावली आणि माझी मास्तरीण झाली. सकाळी चहा उकळतोय आणि ही विचारतेय, कॉस्टिक. मी म्हणायचं, सोडियम हायड्रॉक्साइड. तेजाब. मी म्हणायचं, कुठलं, मिठाचं का गंधकाचं? तर म्हणे, मला नका विचारू, परीक्षा तुमची हाय. चुकलं की कप हातातून मागं. ह्या वयात चहासाठी माणसानं गंधकाचं पूर्ण नाव सांगावं ही काय रीत झाली.

आणि नावं तरी किती तऱ्हेची. लोखंडाचं विचारूच नका. त्याच्या नावामागं कंसात घड्याळातल्यासारखे आकडे. हिराकस घेतला तर दोन, घाण पाणी निवळायला घालतात ते लोखंडाचं तांबडं पाणी घेतलं तर तीन. मी म्हटलं, दोन लोखंडं आहेत काय त्यात? तर नाही. लोखंड एका ठिकाणी दोन हात देतं आणि दुसऱ्या ठिकाणी तीन. माणसाला कळेल असं बोलावं की नाही? त्यात आणखी, पाण्याला सुद्धा पुस्तकी नाव बसवता येतं, पण ते कुणी वापरत नाही. पाण्याला पाणीच म्हणायची मुभा आहे. मी विचारलं, पाण्याला सूट का? मॅडम म्हणाली, पाण्याला सगळे ओळखतात, काका. मी म्हटलं, तुरटीला कोण ओळखत नाही? दाढी करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. तुरटीचं नाव तर पोटॅशियमपासून सुरू होतं आणि संपेपर्यंत रक्त थांबून खपली धरते. ती म्हणाली, पुढचं घेऊ या.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. त्या नावांत आई कोण, बाप कोण एवढं सगळं असतं, पण पोराचा स्वभाव नसतो. भाजेल का, पाझरेल का, बंद खोलीत धूर सोडेल का, हे त्या एवढ्या लांब नावात कुठंच नाही. मग ते नाव माझ्या काय कामाचं?

हे मी तिला एकदा टाकीवरच्या माणसांसमोर सुनावलं. तीही वैतागलेली होती, सकाळपासून तिची छपाईची मशीन बिघडलेली. ती म्हणाली, काका, तुमची ती धुण्याचा सोडा वगैरे बाजारू नावं आता सोडा, साहेबासमोर आपली शोभा होईल. टाकीवरचे दोघं हसले. स्टोअरमध्ये जाऊन उगाच पिंपं पुसत बसलो.

त्याच संध्याकाळी तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथून आहे. माझ्याकडे सोड्याची दोन पिंपं होती. एक सोडा ॲश, कोरडी पूड. दुसरा धुण्याचा सोडा, काचेसारखे खडे, उन्हाळ्यात आपल्याच अंगच्या पाण्यात विरघळायला बघतो म्हणून मी तो मागच्या थंड कोपऱ्यात ठेवतो. जस्ताच्या मुठी नाजूक, त्या धुवायला खडेच घ्यायचे. पितळेला पूड चालते, ती तिखट. पहिल्या शेठच्या वेळेपासून हे असं आहे. पुडीच्या पिंपाला पिवळी चिंधी, खड्यांच्या पिंपाला निळी, म्हणजे थंड जागी.

मॅडमनं दोन्ही पिंपांवर एकच चिठ्ठी लावली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण सारखं आणि वेगळं तर डोळ्यांना कळतं. अक्षरांच्या दोन्ही ओळी जुळ्या भावांसारख्या. ओठापर्यंत आलं होतं सांगायचं. पण कानात तो 'बाजारू' शब्द अजून गरम होता. म्हटलं, शिकलेली आहेस ना, मग चालू दे. शिवाय चिंध्या होत्याच. मी शटर ओढलं आणि घरी गेलो.

शनिवारी बहिणीच्या नातीची हळद होती, म्हणून सुट्टी घेतली आणि किल्ली शेठकडे ठेवली. सोमवारी सकाळी पोचतो तर शटर आधीच उघडलेलं, किल्ली कुलपातच. ती करगोट्याला लावून आत गेलो तर स्टोअर ओळखू येईना. पिंपं उंचीनं लावलेली, दोन्ही सोडे शेजारीशेजारी, आणि एकाही कडीला चिंधी नाही. तपासणीला बरं दिसत नाही म्हणून शनिवारी मॅडमनं सगळ्या काढून टाकल्या होत्या. मी तोंड उघडणार इतक्यात टाकीकडून आरडाओरड ऐकू आली. त्या मोठ्या कंपनीच्याच नमुन्याच्या मुठी सकाळच्या पाळीत धुवायला घातल्या होत्या. टाकीवरच्या माणसानं चिठ्ठी वाचली, बरोबर वाचली, खड्यांची चार मापं घालायची ती पुडीची घातली. मुठी काळ्या डागांनी भरल्या. त्यावर चढवलेलं निकेल देवी आल्यासारखं फोडाफोडांनी उठलं.

शेठ आला. एक मूठ उचलून त्यानं नखानं खरवडली, तर पापुद्रा हातात आला. म्हणाला, मामा, स्टोअर तुमचं, माल तुमच्या स्टोअरमधून गेला, परवा साहेब येतोय, आता मी त्याला काय दाखवू? आणि हात पुढं केला.

"किल्ली द्या, मामा."

मी म्हटलं, "देतो. आधी मॅडमच्या खोलीतली शेगडी लावा."

विजेची शेगडी होती ती. दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकीत मूठभर पूड, एकीत मूठभर खडे, दोन्ही शेगडीवर. शेठ घड्याळ बघत होता. मॅडम दारात. पूड तशीच बसून राहिली, ढिम्म. खड्यांना आधी घाम आला, मग ते एकमेकांवर कलंडले, मग वाटीत पाणीच पाणी. वरून थेंबही न घालता. ते उकळलं, वाफ झाली, आणि तळाला पांढरी खरड राहिली, मुठीचा तिसरा भाग भरेल न भरेल एवढी. एवढ्याला पंधरा मिनिटं लागली.

मी मॅडमला म्हटलं, "दोघांना एकच नाव लावलंत. मग हे पाणी तुमच्या नावात कुठं आहे ते सांगा."

तिनं पुस्तक काढलं नाही की मोबाइल काढला नाही. वाटीकडे बघतच म्हणाली, "आहे, काका. सोडियम कार्बोनेट डेकाहायड्रेट. डेका म्हणजे दहा. एका सोड्यामागं दहा पाणी. पुस्तकात आहे. चिठ्ठीवर मावेना म्हणून शेवटचा शब्द मीच काढून टाकला."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. चूक तिची निघाली होती, सगळ्यांसमोर. पण खरं सांगायचं तर माझा आणखीच संताप झाला. मी धरून चाललो होतो की पुस्तकाला हे ठाऊकच नसेल. खड्याला हात न लावता, त्याचा घाम न बघता कुणीतरी लांब बसून नाव ठेवलंय, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि तिथं पाणी मोजून लिहिलेलं. चाळीस वर्षं मी त्या सोड्याला ओलसर म्हणत आलो. किती ओलसर, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. मापं मी हाताच्या अंदाजानं घातली, बरोबर घातली, पण का बरोबर ते त्या एका शब्दात होतं आणि तो शब्द मी ऐकायलाच तयार नव्हतो.

शेठनं मॅडमकडे मोर्चा वळवला. एवढं शिकून हे? दोन वस्तू वेगळ्या आहेत हे तुला कळत नाही, नमुना घालवलास, काम घालवलंस, असं बरंच. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी वाट्या पुसत होतो. पुसून झाल्या तरी पुसत होतो. गप्प बसलो असतो तर किल्ली माझीच होती, हे मला दिसत होतं.

"मी बघितलं होतं," मी म्हटलं. "शुक्रवारीच. दोन्ही चिठ्ठ्या सारख्या आहेत ते."

शेठ वळला. "मग बोलला का नाहीत?"

त्याला काय सांगणार. मी म्हटलं, राहिलं बोलायचं. तो आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला, मग म्हणाला, धन्य आहात तुम्ही दोघं, आणि तो नव्या नमुन्याच्या मुठी मागवायला फोन घेऊन बाहेर गेला. किल्लीचं काहीच ठरलं नाही.

मॅडम म्हणाली, "का नाही बोललात, काका?"

"तू बाजारू म्हणालीस." पहिल्यांदाच माझ्या तोंडून तिला तू गेलं.

"तुम्हाला नव्हते म्हणाले."

"नावांना म्हणालीस. ती माझीच आहेत."

तिनं दुपारी नव्या चिठ्ठ्या केल्या, मोठ्या, शेवटच्या शब्दासकट. कचऱ्याच्या डब्यातून चिंध्या शोधून धुतल्या आणि स्वतः बांधायला लागली. पिवळी कॉस्टिकला बांधली, लाल तुरटीला. सगळ्या सोडून मला पुन्हा बांधाव्या लागल्या, आणि पिंपंही मी जुन्या जागी नेऊन लावली. नव्या मुठी मी उभं राहून खड्यांनी धुवून घेतल्या.

बुधवारी साहेब आला. सीवूड्सला राहतो म्हणे, पस्तिशीचा, बूट असे की त्यांच्यावरही क्रोम चढवलंय असं वाटावं. त्यानं आधी चहा घेतला, मग फाइल बघितली, मुठी बघितल्या, मान डोलावली. स्टोअरपाशी आला आणि मॅडमला म्हणाला, तुम्हीच ना स्टोअरच्या जबाबदार व्यक्ती, इथं तुमचं नाव आहे. मी शेठकडे बघितलं. शेठ छताकडे बघत होता. म्हणजे कागदावर किल्ली आधीच माझ्या कमरेवरून गेली होती.

साहेब म्हणाला, उघडा शटर, काका, नुसती एक नजर टाकतो.

मी शटरला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, किल्ली ज्याच्याकडे त्याला नावं आली पाहिजेत असं तुमच्या कागदात आहे. किल्ली माझ्याकडे आहे. आधी मला विचारा, मग उघडतो. शेठ हलक्या आवाजात मामा मामा करायला लागला. साहेब म्हणाला, अहो, त्याची आता गरज नाही.

"गरज मला हाय," मी म्हटलं. "पंधरा दिवस चहा मिळाला नाय धड."

साहेबाला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, चला, उघडा, एकेक विचारतो. आणि विचारलं त्यानं, भिंतीभिंतीनं. मी चिठ्ठीकडे बघत नव्हतो, मला ती वाचता येत नाही, मी चिंधीकडे बघत होतो आणि नाव सांगत होतो. कॉस्टिकचं सांगितलं, दोन्ही तेजाबांची सांगितली, लोखंडाचं दोनवालं आणि तीनवालं, तुरटीचं पूर्ण. मागच्या कोपऱ्यात तो थांबला, तर धुण्याच्या सोड्याचं दहा पाण्यांसकट सांगितलं, आणि न विचारता हेही सांगितलं की पलीकडच्या पुडीत पाणी नाही म्हणून तिचं माप तिसऱ्या हिश्श्याचं. मॅडम बोटं मोजत होती, माझ्यापेक्षा तिलाच घाम फुटलेला.

शेवटच्या निळ्या कॅनपाशी अडलो. मागच्या घाण पाण्याच्या टाकीत घालतात ते. सोडियम एवढं आलं. पुढं नाही. साहेब थांबला, मॅडमचे ओठ हलत होते, मी तिकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "ह्याचं पुढचं येत नाही मला. पण ह्यात तेजाब सांडलं तर जो वायू निघतो त्यानं ह्या खोलीतला माणूस दारापर्यंत पोचत नाही. म्हणून हे इथं आणि तेजाब तिथं. मधलं अंतर मोजून बघा पाहिजे तर."

त्यानं मोजलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं. मग शेठला म्हणाला, ह्या कागदावर ज्याच्या हातात किल्ली त्याचं नाव घाला, मॅडमचं नको, आणि नव्यानं छापून संध्याकाळपर्यंत पाठवा. नमुना पास आहे. शेठनं छतावरून नजर खाली आणली आणि मला म्हणाला, मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं, कागदावर घालायचंय. चाळीस वर्षांनी.

घरी गेलो तर बायकोनं पहिला प्रश्न काय विचारावा? काम मिळालं का नाही, किल्ली राहिली का नाही, नाही. "किती चुकली?" मी म्हटलं, एक. कुठली, ते सांगितलं. तिनं ताट वाढलेलं होतं, ते बाजूला सरकवलं आणि ओट्यावरचं कॅलेंडर काढून आणलं. "म्हना. सोडियम हायपोक्लोराइट."

मी म्हणालो नाही. भाकरी गार झाली, मग तिनंच वैतागून ताट पुढं केलं. ते नाव माझ्या तोंडी आजही बसत नाही आणि मी पाठ करणारही नाही. कॅनवर चिठ्ठी आहे, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. तेजाबापासून ते मी बारा पावलं लांब ठेवलंय, आणि ती पावलं रोज सकाळी शटर उघडलं की मी स्वतः चालून बघतो.